गेज खाली घेतल्याची नोंद

पुरवणी जबाब
शुक्रवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटे

मी खाली सही करणार, वय ५८ वर्षे, धंदा नोकरी (पंप कारखान्यात गेज तपासनीस), शिक्षण दहावी व फिटरचा कोर्स, राहणार कारखान्यामागील कामगार वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. सदर कारखान्यात मला एकतीस वर्षे झाली. दाब मोजणारे जेवढे गेज कारखान्यात आहेत तेवढे तपासणे, दुरुस्त करणे व रजिस्टरला नोंद ठेवणे हे माझे काम. माझी भाची, म्हणजे सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय २६, ही त्याच कारखान्यात पंपांची चाचणी घेते व दाखल्यावर सही करते. ती मला मामा म्हणते म्हणून गेली चार वर्षे अख्खा कारखाना मला मामा म्हणतो. त्यात माझ्यापेक्षा वयाने मोठे स्टोअरकीपरही आले. तक्रार नाही, माहितीसाठी सांगितले.

मी मंगळवारी याच टेबलासमोर बसून एक जबाब दिला आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. तरीही तो जबाब चुकीचा आहे व त्यामुळे येत्या सोमवारी माझ्या भाचीवर खोटा दाखला दिल्याचा गुन्हा दाखल होणार आहे. तो जबाब दुरुस्त करण्यासाठी मी काल स्वतःहून ठाण्यात आलो. मला कोणी बोलावले नाही, कोणी पढवले नाही. हवालदारांनी आत्ता थोडक्यात सांगा असे म्हटले. थोडक्यात सांगितल्यामुळेच मंगळवारचा घोळ झाला, म्हणून आज सविस्तर सांगतो.

गेल्या महिन्यात पंधरा तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास सात मजली इमारतीत, सातव्या मजल्यावरील शिवणकामाच्या कारखान्यात आग लागली. इमारतीचा आगीचा पंप आमच्या कारखान्याचा आहे. कापड कापायच्या टेबलामागे दोन मुली अडकल्या होत्या. तिथल्या इस्त्रीवाल्याने भिंतीवरचा पाइप सोडवून पाणी मारले. सहाव्या मजल्यावर पाणी जोरात येत होते. सातव्यावर कुंडीला घालतात तसे येत होते, असे अग्निशमनवाल्यांनी लिहून दिले आहे. इस्त्रीवाला तसाच आत गेला. दोन्ही मुली सुखरूप बाहेर आल्या. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बोटे पुन्हा मिटतील की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी त्याला ओळखत नाही. परवा रुग्णालयात जाऊन दारातून पाहून आलो. आत जायची हिंमत झाली नाही.

पंपाची चाचणी कशी होते ते सांगतो. पंप चौथऱ्यावर बसवतात, टाकीतून पाणी ओढून परत टाकीत सोडतात व पंप पाण्याला किती दाब देतो ते गेजवर वाचतात. आमच्या गेजवर दाब मीटरमध्ये लिहिलेला असतो. हवालदारांनी विचारले की मीटर म्हणजे लांबी, मग दाब कसा. तर काटा सत्तरवर असला म्हणजे पंप पाणी सत्तर मीटर उंच चढवण्याइतका जोर लावतो आहे, असा त्याचा अर्थ. सदर इमारतीच्या पंपाला सत्तर मीटर ठरले होते. भाचीच्या सहीच्या दाखल्यात एकाहत्तर लिहिले आहेत. आगीनंतर पंप जप्त होऊन आमच्याच चौथऱ्यावर आला. बाहेरच्या तपासनिसांनी पंपाजवळ स्वतःचा गेज लावून पाहिले तर अडुसष्ट भरले. म्हणजे दाखल्यात तीन मीटर जास्त. तीन मीटर म्हणजे साधारण एक मजला.

मंगळवारी तपास करणाऱ्या साहेबांनी मला विचारले, "गेजमध्ये दोष होता का?" त्याच सकाळी कारखान्यात मी तोच गेज काढून वजनांच्या टेस्टरला लावला होता. या टेस्टरमध्ये तेलावर एक दट्ट्या तरंगतो, त्याच्यावर मोजलेली वजने ठेवायची, आणि ठेवलेल्या वजनाचा जो दाब होतो तोच काट्याने दाखवायला हवा. दहा वजने ठेवली, दहाही वेळा काटा रेघेवर. साहेबांच्या देखत केले. माझी मान ताठ झाली होती, खोटे कशाला सांगू. त्या तोऱ्यात मी जबाब दिला तो असा: "माझा गेज शंभर टक्के बरोबर आहे. आकडा चुकला असेल तर तो लिहिणाऱ्याने चुकवला." हे वाक्य जसेच्या तसे त्या जबाबात आहे. लिहिणारी कोण आहे हे मला ठाऊक होते. तरी म्हणालो.

मनात काय होते तेही सांगतो. मला खरेच वाटले की पोरीने आकडा फुगवला. पंप नापास झाला की वरून बोलणी बसतात, माल अडकतो, मॅनेजर डोक्यावर बसतो. तरण्या वयात माणूस कधी कधी कच खातो. दोन दिवस मी तिच्याबद्दल असा विचार करत होतो. ती माझ्या मांडीवर वाढलेली आहे.

बुधवारी संध्याकाळी बहीण घरी आली. पत्नीने चहा ठेवला. बहिणीने कप हातात घेतला, प्यायली नाही. मला वाटले आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरे झाले असते. ती म्हणाली, "दादा, तू सांगितलंस म्हणजे पोरीनेच काहीतरी केलं असणार. तू कधी मोजल्याशिवाय बोलत नाहीस." एवढे बोलून निघून गेली. पत्नीने चहा ओतून दिला व माझ्याशी रात्री जेवतानाही बोलली नाही.

गुरुवारी सकाळी मला गरगरल्यासारखे झाले म्हणून वसाहतीच्या दवाखान्यात गेलो. वेळ साधारण दहा. गर्दी होती. सिस्टरने रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला. माझा गुडघा ठणकत होता म्हणून मी तोच हात खाली सोडून गुडघा दाबत वाकून बसलो होतो. आकडा आला एकशे सहासष्ट. सिस्टर ओरडली, "काका, हात लोंबकळत कशाला ठेवलाय? टेबलावर ठेवा, छातीच्या पातळीला. ताठ बसा." पुन्हा मोजले तर एकशे पन्नास.

मी म्हणालो, "तुमचं यंत्र बिघडलंय."

ती म्हणाली, "यंत्र ठणठणीत आहे. हात खाली असला की जास्त दाखवतं. यंत्राला काय माहीत तुमचा हात कुठंय?"

मी म्हणालो, "पुन्हा सांगा."

तिला वाटले मला कमी ऐकू येते. तिने तेच वाक्य कानाशी येऊन मोठ्याने सांगितले. रांगेतली माणसे हसली. मी पट्टा सोडला, चिठ्ठी तिथेच विसरलो व थेट कारखान्यात गेलो. औषध अजून घेतलेले नाही.

कारखान्यात जाऊन मी माझे रजिस्टर काढले. त्यात आठ महिन्यांपूर्वीची नोंद माझ्या अक्षरात आहे: "चाचणी चौथऱ्यावरील गेज वरून खाली घेतला. शून्य तपासला. ठीक." खाली माझी सही. रजिस्टर हजर केले आहे, पान दुमडून ठेवले आहे.

त्याचा खुलासा असा. हा गेज पूर्वी खाली नव्हता. पंपापासून तीन मीटर उंच लोखंडी माची आहे, तिच्यावर होता. तिथे जायला अकरा पायऱ्यांची उभी शिडी आहे. वरच्या गेजला पंपाजवळच्या दाबापेक्षा तीन मीटर कमी दिसतात, कारण तेवढा जोर पाणी वर चढण्यात खर्ची पडतो. म्हणून चाचणीच्या छापील तक्त्यात एक ओळ आहे, "गेजच्या उंचीबद्दल अधिक ३". गेजवर वाचायचे, तीन मिळवायचे, मग पंप पास की नापास ते ठरवायचे. ही ओळ मी नोकरीला लागण्याच्या आधीपासून छापलेली आहे व कायम बरोबर होती.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. कामावर परत आलो त्या दिवशी भाचीने फिटरला सांगून नळी वाढवून घेतली होती व गेज खाली, पंपाच्या पातळीला, माझ्या डोळ्यासमोर आणून बसवला होता. मला म्हणाली, "मामा, आता वर चढायचं नाही. काटा तुमच्याकडे आला." गेज खाली आला तेव्हा तो वरच्यापेक्षा तीन मीटर जास्त दाखवू लागला. मिळवायचे ते तीन मीटर काट्यातच आले. तक्त्यात मात्र "अधिक ३" तसेच राहिले. म्हणजे तीन मीटर दोनदा मोजले गेले. काटा खरेच बोलत होता, आम्ही त्याच्या तोंडी आमचे तीन घालत होतो.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मी ठाण्यात येऊन साहेबांना हे सांगितले. साहेब म्हणाले, "मामा, भाची आहे तुमची. मंगळवारी एक सांगता, गुरुवारी दुसरं. आम्ही काय समजायचं?"

मी म्हणालो, "मंगळवारी गेजबद्दल सांगितलं. आज गेजच्या जागेबद्दल सांगतोय."

"जागेचं तेव्हा आठवलं नाही?"

"नाही."

"आणि सोमवारी गुन्हा दाखल व्हायचा म्हटल्यावर नेमकं आठवलं."

"रक्तदाब मोजताना आठवलं."

साहेब हवालदारांकडे बघून हसले. त्यांचे काही चुकले नाही, मीही हसलो असतो. मी म्हणालो, "साहेब, माझ्या शब्दावर जाऊ नका. माझ्या शब्दाने आधीच घोळ घातलाय. उद्या सकाळी चला. गेज वर लावू, मग खाली लावू. काटा तुम्ही वाचायचा, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

त्याप्रमाणे आज सकाळी साडेनऊ वाजता साहेब, हवालदार व दोन पंच कारखान्यात आले. कारखान्याचे मॅनेजर हजर होते. फिटरही हजर होता. त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असतो म्हणून त्याला सगळे पाना म्हणतात. गेज खाली आणणारा तोच. जप्त पंपाचे सील साहेबांनी तोडले. पानाने गेज माचीवर जुन्या जागी बसवला, नळीतली हवा काढली, कारण नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा फसवतो. पंप सुरू केला व ठरल्याइतके पाणी सोडले. साहेब स्वतः शिडी चढले. मीही चढलो, अकराच्या अकरा. पाना खालून ओरडत होता, "मामा, उतरा, पोरगी मला फाडून खाईल." मी वर जाऊन उभा राहिलो.

साहेब काटा वाचायला वाकले. मी म्हणालो, "आधी काचेवर टिचकी मारा."

"कशाला?"

"काटा कधी कधी आळस करतो. टिचकी मारली की जागेवर येतो. आमच्याकडे टिचकी मारल्याशिवाय कोणी वाचत नाही."

साहेबांनी टिचकी मारली. अवाक्षर काढणार नाही असे सांगून मी हे बोललो, ते तेवढे सोडून द्यावे. आकडा पासष्ट. हवालदारांनी लिहून घेतला. मग पंप तसाच चालू ठेवून, नळीची चावी बंद करून, गेज खाली हल्लीच्या जागी लावला, हवा काढली. साहेबांनी न सांगता टिचकी मारली. अडुसष्ट.

मॅनेजर म्हणाले, "असं कसं? पंप तोच, पाणी तेच."

पाना म्हणाला, "गेजही तोच, साहेब."

साहेबांनी पुन्हा वर लावायला सांगितले व पुन्हा चढून वाचले. पासष्ट. खाली येऊन त्यांनी हात झटकले व बराच वेळ तक्त्यावरच्या "अधिक ३" कडे बघत उभे राहिले. वर वाचून तीन मिळवले तर अडुसष्ट. खाली वाचून काहीच मिळवले नाही तरी अडुसष्ट. बाहेरच्या तपासनिसांचे अडुसष्ट. भाचीने खाली वाचून छापील तीन मिळवले व एकाहत्तर लिहिले. तिने आकडा फुगवलेला नाही. त्याचा पंचनामा वेगळा झाला आहे.

पंच सह्या करत असताना मॅनेजरांनी मला टाकीच्या मागे नेले. ते म्हणाले, "मामा, त्या इमारतीतला सातव्या मजल्याचा व्हॉल्व्ह गंजून अर्धा बंद होता. अग्निशमनवाल्यांनीच लिहिलंय. सगळं त्यावर जातंय तर जाऊ दे की. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची, धोंडा कशाला पायावर पाडून घेता?"

मी म्हणालो, "आणि पोरीचं काय?"

ते म्हणाले, "तिचं वय आहे अजून. दुसरीकडे लागेल."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. व्हॉल्व्ह गंजलेला होता हे खरे आहे व त्याची चौकशी व्हायलाच हवी. सातव्या मजल्यावर जे पाणी कमी पडले त्यातले किती व्हॉल्व्हने अडवले व किती आमच्या तीन मीटरने खाल्ले, हे मला सांगता येणार नाही. मी गुरुवारची सगळी रात्र ते कागदावर मांडून बघितले. मांडता येत नाही. एकतीस वर्षे मी माणसांना सांगत आलो की मोजा म्हणजे कळेल. याचे माप माझ्याकडे नाही. पण त्या पाण्यात माझे तीन मीटर कमी होते एवढे नक्की आहे व त्या इस्त्रीवाल्याच्या हातांकडे बघून मला ते व्हॉल्व्हच्या नावावर लिहिता येत नाही.

आणखी एक. गेज खाली आणल्यापासून आजपर्यंत एकोणचाळीस पंप याच तक्त्यावर पास झाले. काल मी प्रत्येकातून तीन वजा करून बघितले. बहुतेकांना भरपूर जोर आहे, त्यांना काही होत नाही. पण सदर पंप सोडून सहा पंप ठरल्यापेक्षा कमी भरतात. ते आज कुठल्या ना कुठल्या इमारतीत उभे आहेत व तिथली माणसे निवांत झोपत असतील. त्यांची यादी पत्त्यांसह माझ्या सहीने जोडली आहे. या सहाही ठिकाणी आजच्या आज कळवावे ही हात जोडून विनंती आहे. दोष कोणाचा ते सावकाश ठरवा.

आता जे सांगतो ते मला कोणी विचारलेले नाही. कालही मी ते साहेबांना सांगितले नाही. काल सांगायला आलो होतो, पण जीभ उचलली नाही.

गेज खाली आल्यानंतर पहिला पंप चाचणीला लागला त्या दिवशी सकाळी मी गेजची काच पुसत होतो. पाना होता, दोन हेल्पर होते. पाना गमतीने म्हणाला, "मामा म्हातारे झाले, म्हणून गेजला जिना उतरावा लागला." सगळे हसले, मीही हसलो. पण मला ते लागले होते. तीस वर्षे ती शिडी मी दिवसातून दहादा चढलो. पोरीने मायेने केले हे कळत होते, तरी चारचौघांत आपला गुडघा टांगून ठेवल्यासारखे वाटत होते.

तेवढ्यात भाची तक्ता घेऊन आली. पेन त्या छापील ओळीवर ठेवून तिने विचारले, "मामा, गेज आता खाली आहे. मग हे अधिक तीन लिहायचं का?"

प्रश्न बरोबर होता. ती शिकलेली आहे, तिला शंका आली होती. मी क्षणभर थांबून विचार केला असता तर मलाही उत्तर आले असते, मी काही अडाणी नाही. पण राग शिडीचा होता, तो तिच्यावर निघाला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "छापलंय ते दिसत नाही का? चार बुकं शिकलीस म्हणून आता तक्ता बदलणार तू? गपचूप भर." हेल्पर पुन्हा हसले. तिचे तोंड एवढेसे झाले. तिने तीन लिहिले. त्यानंतर आठ महिने तिने मला त्या ओळीबद्दल कधी विचारले नाही. मीही विसरून गेलो. इतके साफ विसरलो की मंगळवारी या खुर्चीत बसून लिहिणाऱ्याने चुकवले असे सांगून मोकळा झालो.

हे मी आज साहेबांना सांगितल्यावर साहेबांनी तिचा जबाब काढून पुन्हा वाचला. ते म्हणाले, "यात हे कुठेच नाही. चार दिवस विचारतोय आम्ही. आकडा मी लिहिला, सही माझी आहे, एवढंच म्हणते."

मी विचारले, "कोणाला विचारून लिहिलंस, असं विचारलंत का तिला?"

साहेब म्हणाले, "विचारलं. म्हणाली, कोणाला नाही."

हवालदारांनी पाणी दिले. पाणी पिऊन पुढे सांगतो.

चार दिवस ती रोज सकाळी दहाला येते व सहापर्यंत बाहेरच्या बाकावर बसते. आज दुपारी साडेतीनला मी आत येत होतो तेव्हा ती तिथेच होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. मंगळवारी मी काय सांगितले हे तिला ठाऊक आहे, साहेबांनी तिला ते वाचून दाखवले होते. मी नुसता उभा राहिलो. तीच म्हणाली, "मामा, सकाळी शिडी चढलात म्हणे. गुडघ्याला पट्टा बांधला होता का?"

मी नाही म्हणालो.

ती म्हणाली, "मग घरी गेल्यावर शेक घ्या. आणि चपटी उशी द्या पायाखाली, जाड नको."

हवालदारांचे म्हणणे पडले की हे तपासाच्या कामाचे नाही. मी विनंती करून ते लिहायला लावले आहे. माझ्या मते हे सगळ्यात कामाचे आहे.

तरी दाखल्यातील आकडा माझ्या भाचीने खोटेपणाने लिहिलेला नाही. तिने शंका विचारली होती व मी तिला गप्प बसवले. गेज खाली घेतल्याची नोंद करताना तक्ता बदलणे हे माझे काम होते, ते मी केले नाही. मंगळवारच्या जबाबातील "आकडा चुकला असेल तर तो लिहिणाऱ्याने चुकवला" हे वाक्य मी मागे घेतो. याबाबत जी काही कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी. बहिणीला मी अजून काही सांगितलेले नाही. इथून उठलो की आधी तिच्याकडे जाणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात दोन दुरुस्त्या केल्या. शिडीच्या पायऱ्या बारा लिहिल्या होत्या, त्या अकरा केल्या. दुसरे, शेवटी "सदर चूक माझ्याकडून नजरचुकीने झाली" असे लिहिले होते. हवालदार म्हणाले, असंच लिहितात, तुमच्याच फायद्याचं आहे. मी ते वाक्य खोडायला लावले व शेजारी सही केली. नजर चुकली नव्हती. तिने विचारले होते व मी ऐकले होते. आता मजकूर मी सांगितला तसा उतरला आहे व बरोबर आहे.

सही